इंटरव्हलनंतरची एकतीस मिनिटं

परदेशी सिनेमात इंटरव्हल कुठे करायचा हे जो ठरवतो, त्याचं नाव पडद्यावर कधी येत नाही. मस्कतच्या एका थिएटरात अठ्ठावीस वर्षं तो माणूस मी होतो. आपले सिनेमे इंटरव्हल पोटात घेऊनच जन्माला येतात. नायकाने वळून बघितलं, ढोल वाजला, की खाली समोसे तळायला घ्यावेत. युरोपातल्या दिग्दर्शकांना मात्र प्रेक्षकाला तहान-भूक लागते हे तत्त्वतः मान्य नसतं. त्यांचा सिनेमा दोन तास अखंड चालतो. आमच्या मालकांचं कॅन्टीन तत्त्वांवर चालत नव्हतं. म्हणून बाहेरचा कुठलाही सिनेमा आला की आदल्या दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तो लावायचा, आवाज आणि पडद्याखालची भाषांतराची अक्षरं तपासायची, आणि मध्यावर कुठेतरी इंटरव्हलची जागा शोधायची, हे ऑपरेटरचं काम.

जागा शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. गोळीबार चालू असताना दिवे लावले तर लोक उठत नाहीत. चुंबनावर लावले तर हसतात. वाक्याच्या मध्येच लावले तर शाळेतले शिक्षक तक्रार करतात. दारावर थाप पडावी, कोण आलंय ते दिसू नये, तिथे थांबावं. मी एकदा चुकलो. एका फ्रेंच सिनेमात अंत्ययात्रा संपली आणि मी दिवे लावले. अर्धा हॉल सिनेमा संपला समजून घरी गेला. त्यातल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी फोन करून कळवलं, "लहान होता, पण परिणामकारक होता." मी त्यांचे आभार मानले.

दिवाळी अंकासाठी आखातातले अनुभव लिहा, असं पत्र आलं तेव्हा मला प्रश्न पडला. वाळवंट, उंट आणि सोनं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी अठ्ठावीस वर्षं खिडकी नसलेल्या केबिनमध्ये काढली. तिथून एक चौकोनी भोक आणि त्यापलीकडे लोकांची डोकी दिसायची. तेव्हा त्या भोकातून दिसलेली एक संध्याकाळ लिहितो. ती मला नोकरीएवढी महाग पडली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इथल्या आपल्या मराठी लोकांच्या एका मंडळाने जागतिक चित्रपटांचा सप्ताह करायचं ठरवलं. शेवटच्या दिवसासाठी एक इटालियन सिनेमा आला, दरोडेखोरांचा. पूर्वी सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा, एकेका डब्यात वीस मिनिटांचं रीळ, आणि ते डबे उचलून माझी कंबर गेली. हल्ली जेवणाच्या डब्याएवढी हार्ड डिस्क येते. ती मशीनला लावायची आणि कुठल्या मिनिटाला दिवे मंद, कुठल्या मिनिटाला पूर्ण, हे आकड्यांत टाकून ठेवायचं. बाकी सगळं मशीन करतं. ऑपरेटरने फक्त हजर राहायचं.

सकाळी दहाला मी आणि सलीमने तो लावला. सलीम माझा सहकारी, बलुची वंशाचा ओमानी, चाळिशी ओलांडलेला, आधी बस चालवायचा. पाच वर्षांपूर्वी त्याला माझ्या हाताखाली दिला, म्हणजे पुढेमागे माझ्या जागी तो येणार हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यामुळे आमच्यात कधी वैर आलं नाही. तो मला उस्ताद म्हणायचा. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. इथे मी त्याला मराठीत बोलायला लावतोय.

सिनेमा असा: हिवाळा, एक बंदराचं गाव, तीन माणसं सराफाचं दुकान लुटतात. पळायची गाडी सुरूच होत नाही. तिघं समोरच्या धोबीखान्यात घुसतात, मोठा धोबीखाना, जिथे हॉस्पिटलच्या चादरी धुतात. आत सहा कामगार बायका-पुरुष. ते ओलीस. मग चौदा तास वाफ, घाम, ओल्या चादरी आणि शिव्या. कोणी देखणं नाही, कोणी शहाणं नाही. तिसऱ्या दरोडेखोराच्या मांडीत गोळी लागलेली असते, आणि इस्त्री करणारी एक म्हातारी त्याला शिव्या देत देत चादर फाडून पट्टी बांधते. एक तास एकवीस मिनिटांनी पोलीस आत शिरतात. धूर, गोळ्या. ओलीस ठेवलेले लोक पांढऱ्या चादरी गुंडाळून एकेक बाहेर येतात. अधिकारी कॅमेऱ्यांसमोर सांगतो, सगळे गुन्हेगार ठार. त्याच्या छातीवर बिल्ला लागतो, बँड वाजतो. मी आणि सलीम दोघंही खुर्चीतून उठायला लागलो होतो.

तेवढ्यात पडद्यावर एक कारकून त्या अधिकाऱ्याच्या टेबलापाशी येतो आणि हळूच म्हणतो, साहेब, आत सहा जण होते. बाहेर सात आले.

खरा सिनेमा तिथे सुरू होतो. सातवा चादर गुंडाळून ओलिसांबरोबर बाहेर पडलाय. त्याला पकडावं तर बिल्ला खोटा ठरतो, सोडावं तर झोप येत नाही. अधिकारी सहाही जणांना एकेक करून बोलावतो आणि विचारतो, सातवा कोण? पुढची एकतीस मिनिटं एक खोली, एक टेबल, एक दिवा. एवढंच. आणि मी कोरी कॉफी प्यायल्यासारखा टक्क जागा बसून राहिलो.

दिवे लागल्यावर सलीम म्हणाला, "उस्ताद, ही म्हातारी माझ्या आजीची बहीण असणार. आमच्या घरात असंच बोलतात."

मंडळाने इंटरव्हल नको म्हणून कळवलं होतं, कारण नंतर जेवण होतं. मी आकडे टाकले: सुरुवातीला दिवे बंद, एक तास बावन्न मिनिटांनी पूर्ण. काम संपलं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ. प्रमुख पाहुणे इथले मोठे टाइल्सवाले, त्यांची बांधकामाची कंपनीही आहे. ते पन्नास मिनिटं उशिरा आले. हॉल मात्र सहालाच भरला होता. कारण फोटोत रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून पाहुण्यांनी स्वतःच्याच कंपनीचे कामगार मस्कतबाहेरच्या बरका गावातल्या कामगार-कॅम्पवरून दोन बस भरून आणवले होते. सुतारकाम, गवंडीकाम, फरशीकाम करणारे लोक. सुट्टीचा दिवस, इस्त्रीचे शर्ट, केसांना पाणी. त्यांना मागच्या आठ रांगा दिल्या. पुढच्या दोन रांगांवर नावांच्या चिठ्ठ्या.

आमच्याकडे हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी आहे, धुराची घंटा वाजते. म्हणून मंडळाने विजेवरची समई पुण्याहून मागवली होती. तिच्या प्लगचे पाय गोल, इथल्या भिंतीतली भोकं चौकोनी. सचिव धावत केबिनमध्ये आले, "साळवीसाहेब, अ‍ॅडाप्टर आहे का हो?" होता. गेली कित्येक वर्षं या गावातल्या मराठी संस्कृतीचा दिवा माझ्या ड्रॉवरमधल्या अ‍ॅडाप्टरवर लागतो. दर वेळी नवे सचिव येतात, दर वेळी समई पुण्याहून येते.

पाहुणे आले. शाल, नारळ, परिचय. परिचयात त्यांचा उल्लेख टाइल्ससम्राट असा झाला आणि त्यांनी तो हात जोडून स्वीकारला. मग ते बोलले. "इटलीशी माझं फार जुनं नातं आहे," म्हणाले. पुढच्या वीस मिनिटांत ते नातं बाथरूमच्या टाइल्सचं आहे हे स्पष्ट झालं.

भाषण चालू असताना नाईक केबिनमध्ये आले. नाईक आमचे मॅनेजर, गोव्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. काम असलं की ते मला काका म्हणायचे आणि चिडले की मिस्टर साळवी.

"काका, एक छोटंसं काम होतं."

मी खुर्ची फिरवली.

"पिक्चर किती मोठा आहे?"

"एक बावन्न."

"आता वाजलेत आठ. पाहुण्यांचं नऊ-साडेनऊला हॉटेलात जेवण लावलंय. आपले मालकही तिथे येतायत." त्यांनी रुमालाने मान पुसली. "मध्ये अशी एखादी जागा आहे का, जिथे पिक्चर संपल्यासारखा वाटतो?"

इथे मी चूक केली. ही चूक आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी जागेबद्दल विचारलं होतं. मी अभिमानाने सांगून टाकलं, "एक तास एकवीस मिनिटं. अधिकाऱ्याला बिल्ला लागतो, बँड वाजतो. अगदी संपल्यासारखा."

"वा. मग तिथे इंटरव्हल करा."

"मंडळाने नको म्हटलंय."

"करा. आणि पुढे चालूच करू नका."

मला कळायला क्षणभर लागला. "आणि उरलेला सिनेमा?"

"काका, कोणाला कळणार आहे?"

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, आणि त्या वेळी मान डोलावली होती. ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं माझं वागणं उगाच शूरपणाचं वाटेल.

रिळांचे दिवस होते. ईदला एक हिंदी कौटुंबिक सिनेमा लागला होता, आणि तेव्हाच्या मॅनेजरना दिवसाला एक खेळ जास्त बसवायचा होता. ते म्हणाले, "सहावं रीळ गाळा, कोणाला कळणार आहे?" मी गाळलं. पाचवं संपलं की सरळ सातवं. पाचव्यात नायकाचा धाकटा भाऊ जेवायला बसलेला असायचा आणि सातव्यात त्याच्या फोटोला हार. तीन दिवस असं चाललं, कोणी बोललं नाही. चौथ्या दिवशी खेळ सुटल्यावर एक माणूस जिन्याच्या तोंडाशी थांबला होता. सोलापूरकडचा शिंपी, निझव्याला दुकानात कामाला. वाटेत दोन गाड्या बदलून आला होता, परत तसाच जाणार होता. मला म्हणाला, "साहेब, तो भाऊ मेला कधी?"

मी म्हटलं, "तुम्हाला डुलकी लागली असेल."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "असेल साहेब. ईदचे कपडे होते, चार रात्री मशीनवर होतो. माफ करा हं." आणि गेला.

मी त्याला फसवलं, आणि माफी त्याने मागितली. आमच्या धंद्यात कोणी मरत नाही, कोणाचं घर बुडत नाही, त्यामुळे आमच्या पापांना कोणी पाप म्हणत नाही. पण त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला मी लावली. आजही तो माणूस असंच समजत असेल की भाऊ मेला तेव्हा आपण झोपलो होतो.

तर नाईक केबिनमध्ये उभे होते आणि खाली इटलीशी नातं सांगणं संपत आलं होतं.

"जमणार नाही, साहेब," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"लावीन तर पूर्ण लावीन. नाहीतर आत्ताच जाहीर करा, सिनेमा नाही, फक्त जेवण आहे."

नाईक दाराकडे बघून म्हणाले, "मिस्टर साळवी, तुमचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे."

हे बाहेरच्या वाचकाला समजावून सांगतो. इथे आम्हा परदेशी माणसांचं राहणं एका कार्डावर असतं. कंपनीने नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही केली की माणूस, त्याची बायको, मूल, सगळे दोन वर्षांसाठी कायदेशीर. माझं कार्ड जानेवारीअखेर संपत होतं. माझी मुलगी मुक्ता बारावीत, तिची परीक्षा फेब्रुवारीत. अल खौदला भाड्याचं घर. सही झाली नाही आणि दुसरा मालक मिळाला नाही, तर परीक्षेच्या तोंडावर तिघांनी बॅगा भरायच्या. नाईकांना हे सगळं ठाऊक होतं, मुक्ताच्या दहावीचे पेढे त्यांनी खाल्ले होते. म्हणूनच ते दाराकडे बघत होते. त्यांच्याही कार्डावर मालकांची सही लागायची, आणि मालकांना नव्या हॉलच्या फरशीसाठी पाहुण्यांची मर्जी लागायची. बंदूक कोणाच्याच हातात नव्हती. तरी सगळ्यांचे हात वर होते.

"तुम्ही मॅनेजर आहात," मी म्हटलं. "तुम्हीच टाका आकडा. मी बाजूला होतो."

त्यांना तो टाकता येत नव्हता. ते सलीमकडे वळले. सलीम कोपऱ्यात खजूर खात होता. त्याने बी हातावर काढली आणि म्हणाला, "मुदीर, मॅनेजरसाहेब, मी शिकाऊ आहे. पाच वर्षं तुम्हीच मला शिकाऊचा पगार देताय."

नाईक जाताना म्हणाले, "एक एकवीसला दिवे लागले पाहिजेत. मी खाली उभा आहे."

दार बंद झालं. सलीम उठून मशीनपाशी आला. "उस्ताद, तू खाली जा, चहा घे. विचारलं तर सांग, सलीमने आकडा टाकलाच नाही. मला काढायचं तर चार ऑफिसांतून कागद फिरवावा लागेल, आणि प्रत्येक ऑफिसात माझा एक चुलतभाऊ आहे. तुला काढायला काहीच करावं लागत नाही. नुसती सही करायची नाही."

सौदा उत्तम होता. सिनेमाही पूर्ण लागला असता आणि कार्डही राहिलं असतं. मी मुक्ताचा विचार केला, हे खरं आहे. पण त्या शिंप्याला मी डुलकीच्या आड बसून उत्तर दिलं होतं, आता सलीमच्या आड बसायचं माझ्याने झालं नाही. "मीच लावणार," मी म्हटलं. "विचारलं तर माझंच नाव सांग." सलीमने मान हलवली, जशी वेड्या पाहुण्यापुढे हलवतात.

मी बटण दाबलं आणि खाली जाऊन मागच्या दाराशी उभा राहिलो.

खालची अक्षरं इंग्रजीत होती. मागच्या आठ रांगांतल्या बहुतेकांना ती वाचेपर्यंत निघून जायची. पण तिथे एक परब मेस्त्री म्हणून सुतार होते, कुडाळकडचे, पन्नाशीचे, नाकावर चष्मा. ते वाचत होते आणि आपल्या रांगेला मालवणीत सांगत होते. हळूहळू पुढची-मागची रांगही त्यांच्याकडे कान लावून बसली. पुढून सचिवांनी दोनदा वळून "शूऽऽ" केलं. मेस्त्रींनी आवाज थोडा कमी केला आणि मग पुन्हा वाढवला. गाडी सुरू होईना तेव्हा मागच्या रांगांत खरी हळहळ झाली. एक जण म्हणाला, "बॅटरी." दुसरा म्हणाला, "नाय, स्टार्टर." पुढच्या दोन रांगांत मोबाइलचे निळे चौकोन पेटत-विझत होते.

एक तास एकवीस मिनिटं. धूर, चादरी, बँड, बिल्ला. पाहुण्यांनी टाळी वाजवली आणि ते उठले. पुढच्या दोन रांगा त्यांच्याबरोबर उठल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई ठरल्याप्रमाणे माइक घेऊन पडद्यासमोर आल्या. "किती समाधान देणारा शेवट," त्या म्हणाल्या.

दिवे लागले नाहीत.

बाईंच्या पैठणीवर अधिकाऱ्याचं टेबल पडलं होतं, आणि कमरेपाशी कारकुनाची अक्षरं उमटली. मागून परब मेस्त्रींचा आवाज आला, "साहेबानु, सा जणां भितर गेली, सात भायर इली."

उठलेले लोक जागीच थांबले. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ओ बाई, जरा बाजूक व्हा."

बाई बाजूला झाल्या. पाहुणे उभेच होते, पडद्याचा उजेड त्यांच्या शालीवर. त्यांनी नाईकांकडे बघितलं, नाईकांनी केबिनच्या भोकाकडे, आणि मग मी दाराशी उभा दिसलो तेव्हा माझ्याकडे. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पाहुणे निघाले. त्यांच्यामागे चिठ्ठ्यांच्या दोन्ही रांगा, सचिव, नाईक, सगळे माझ्या शेजारून बाहेर गेले. खुर्च्यांवर तीन पुष्पगुच्छ राहिले.

दोन मिनिटांनी कॅम्पचा सुपरवायझर आत आला. त्याने टॉर्च मागच्या रांगांवर फिरवला. "यल्ला, यल्ला, शेठ गेले. चला, बस लागलीय."

कोणी हललं नाही.

"अरे उठा. ऐकू येत नाही का? मेस्त्री, तुम्ही उठवा यांना."

परब मेस्त्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बस थांबतली. ड्रायव्हर हयच बसलोसा, माझ्या बाजूक."

ड्रायव्हरने टॉर्चच्या उजेडात हात वर केला.

"शेठना सांगू का मी?"

"सांग. पिक्चर संपल्याशिवाय मी उठूचंय नाय. आणि तो टॉर्च बंद कर, अक्षरां दिसनत नाय."

ऐंशी-नव्वद माणसं होती ती. त्यांच्या जेवणाची, राहण्याची, परतीच्या तिकिटाची किल्ली पाहुण्यांच्या खिशात. त्यांना कोणी भाषण दिलं नव्हतं, त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. ते फक्त बसून राहिले. सुपरवायझर थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने टॉर्च विझवला, आणि मग कडेच्या खुर्चीत तोही बसला.

पडद्यावर एकेक ओलीस येत होता. पहिला घाबरून गोष्ट बदलतो. दुसरी रडते. तिसऱ्याला बक्षिसाचं आमिष. प्रत्येक वेळी मागच्या रांगांत कुजबुज, "सांगता की काय हो?" शेवटी ती इस्त्रीवाली म्हातारी. तिला खुर्ची देतात, ती बसत नाही. आयुष्यभर उभ्याने काम केलेलं, टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहते. अधिकारी आधी गोड बोलतो, मग ओरडतो, मग अगदी हळू विचारतो: आई, तुम्ही आत किती जण होता?

म्हातारी त्याच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघते. ओठ हलतात. खाली अक्षरं आली. मेस्त्रींनी ती वाचली, थांबले, चष्मा वर केला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"मोजूचा काम तुमचा. बिल्लो तुमका गावलोहा."

आधी एक जण हसला. मग आठही रांगा. खुर्च्यांवर हात आपटले. असा आवाज मी रिळांच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. मी दाराशी उभा होतो आणि माझं कार्ड संपलंय हे मला स्पष्ट कळत होतं, आणि तरी मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांसमोर मी सुनंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एकतीस मिनिटांसाठी?"

"हो."

"त्या म्हातारीला मुक्ताची परीक्षा माहीत होती का?"

मी पोह्यांवर लिंबू पिळलं. मुक्ता टोस्ट खात ऐकत होती. तिचं मराठी इथल्या शाळेतलं. "बाबा, पण तो सेवन्थ माणूस गुड होता का बॅड?"

"सिनेमात सांगितलं नाही."

"मग त्या आजीने का नाही सांगितलं?"

"तिने सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

"ओके," मुक्ता म्हणाली आणि दप्तर घेऊन गेली. सुनंदा म्हणाली, "हिला तरी असलं काही शिकवू नका."

सही झाली नाही. पाहुण्यांनी काही म्हटलं असं नाही. मोठ्या माणसांना म्हणावं लागत नाही. पुढचे अकरा आठवडे मी दुकानं, शाळा, हॉल पालथी घातली. अठ्ठावन्न वर्षांचा ऑपरेटर कोणाला हवा असतो? जो तो नम्रपणे इन्शाल्ला म्हणायचा, आणि इन्शाल्लाचे किती प्रकार असतात ते मला त्या आठवड्यांत समजलं. शेवटी बरक्याला एका लग्नाच्या हॉलमध्ये दिवे आणि आवाज सांभाळायचं काम मिळालं, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. पगार कमी, नवऱ्या मुलांवर गुलाबी झोत सोडायचे. मुक्ता परीक्षेला बसली. तिला अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले. त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं ती म्हणते. मी त्यावर जास्त विचारत नाही. त्या रात्री सलीमचं ऐकलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं, हे मला कळतं. तो स्वाभिमान होता की म्हातारपणी आलेला हट्ट, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण पुन्हा तोच आकडा टाकायला सांगितला तर पुन्हा तेच उत्तर देईन, एवढं ठरलंय.

थिएटरातला शेवटचा दिवस कागदपत्रांचा. नाईकांच्या टेबलावर माझा कागद होता: किल्ल्या जमा, गणवेश जमा, कोणतीही बाकी नाही. त्यांनी चहा मागवला. बराच वेळ कागद वाचल्यासारखं करत राहिले. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

"काका," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तो सातवा. शेवटी कोणी नाव सांगितलं का त्याचं?"

"तुम्ही बघितला नाही?"

"पाहुण्यांना सोडायला गेलो, मग हॉटेलात. तेव्हापासून डोक्यात बसलंय. त्या मंडळाने डिस्क परत पाठवली. सलीमला विचारलं तर म्हणतो, उस्तादला विचारा." त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "आता तर माझ्या हातात काही नाही, तुमच्याही नाही. सांगा की."

"साहेब, तुमच्या आदेशाप्रमाणे तुमचा पिक्चर एक तास एकवीस मिनिटांनी संपला."

ते हसले, मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "अहो, एवढं काय. एक ओळ तर असेल."

"एकच ओळ आहे," मी म्हटलं. मी कागद उचलून बघितला. "तारीख राहिली, साहेब."

त्यांनी तारीख घातली. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, कागदाची घडी खिशात घातली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.